बोगनवेलीपलीकडची जाऊ

भिंगरीमामी खाली बसायची तीही उठण्याच्या बेतानंच. चहा हातात दिला तर दोन घोट घेऊन अंगणातलं गवत उपटायला जायची आणि उरलेला, गार झालेला चहा उभ्यानंच संपवायची. रिठदला मी नर्स होते तेव्हा ती माझ्या शेजारी राहायची. साठी ओलांडलेली, एकटी, सारखी या दारातून त्या दारात. "बसलं का घर खायले उठते मले," म्हणायची. तिचं खरं नाव गावात कुणी घेत नसे.

एके सकाळी ती सुजलेलं बोट घेऊन आली. परसातली बोगनवेल तोडताना काटा आत मोडला होता. मी तो काढला, पट्टी बांधली आणि रागावले, "मामी, शुगर आहे तुला. बोट कापायची पाळी येईल." चौथ्या दिवशी दुसरं बोट सुजलं.

"एवढी कसली घाई आहे?" मी विचारलं.

पट्टीचं टोक खोचत ती म्हणाली, "तिकडं माई जाऊ पडून हाये."

बोगनवेलीच्या पलीकडे तिच्या जावेचं घर होतं. सोळा वर्षांपूर्वी सांडपाण्याच्या नालीवरून दोघी भांडल्या. जावेचं तोंड दिसू नये म्हणून मामीनंच ती वेल लावली, वाढवली. आता जावेला लकवा झाला होता. वाचा गेली होती. मुलगा-सून वावरात गेले की ती दिवसभर एकटीच.

"मग रस्त्यानं जा ना. दहा पावलं आहेत."

"तिच्या दारात पाय ठेवनार नाई, असं चार लोकांत बोलली मी. वेल तोडून मांगून जाईन."

रविवारी मी तिला हातमोजे घ्यायला वाशीमला नेलं. दुकानात तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बोगनवेलीची फांदी काढली. दुकानदारानं आधी बागकामाचे फुलाफुलांचे मोजे दाखवले. मामीनं घालून फांदी दाबली. "गेला आत," म्हणाली. भांडी घासायचे रबरी मोजे टरकन फाटले. विणलेल्या मोज्यांच्या तळव्याला रबर होतं, तिथं काटा थांबला. मागच्या बाजूनं टोचला. वेल्डिंगचे लांब चामडी मोजे पक्के होते, पण त्यात तिची बोटं हरवली, कोयता धरता येईना. शिवाय महाग.

"आजी, माल खराब करता तुम्ही," दुकानदार वैतागला.

"बोट खराब होन्यापरीस बरं."

शेवटी त्यानं आतून माल चढवणारे हमाल घालतात ते आखूड चामडी मोजे आणले. राठ, बेढब, पण वेल्डिंगच्या मोज्यांच्या निम्म्या किमतीत. काटा आत गेला नाही, मूठही वळली. मनगटावर ते अपुरे पडत होते. घरी येऊन मी माझ्या जुन्या जीन्सचे पाय कापले आणि कोपरापर्यंतच्या बाह्या जोडून दिल्या.

त्यानंतर मामीला उसंत नव्हती. मी संध्याकाळी तिचे हात तपासायचे, ती दाराकडे बघत उभी. जावेची सून मला सांगायची, सासूबाई आता घासही घेत नाहीत. ते ऐकल्यावर मामी उजाडायच्या आत कोयता घेऊन भिडायला लागली. मी थांबवलं तर म्हणाली, "तू मले नको अडवू वं. ती काय माई वाट पाहून राहीन?"

बाराव्या दिवशी वाकून जाण्याएवढी वाट झाली. मी मामीच्या मागे गेले. जाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मामीनं मोजे काढले. "आली मी," म्हणाली. जावेनं मान वळवली, बराच वेळ पाहिलं. मग चालत्या हातानं तिनं मामीचा हात ओढून घेतला आणि टोचलेलं एकेक बोट चाचपून पाहिलं.

मामी रोज जायची. पेज भरवायची, वेणी घालायची, नुसती बडबडायची. असे चार महिने गेले. पोळ्याच्या सुमारास जाऊ गेली.

पुढं माझी मानोऱ्याला बदली झाली. मामी स्टँडवर आली. माझी पिशवी या हातातून त्या हातात करत राहिली.

मी म्हटलं, "मामी, शेवटी गेलीस ना तिच्याकडं."

"गेली," ती म्हणाली. "पन ती बोलत होती तवा जायले पायजे होतं."

एसटी लागली होती. मामीनं पिशवी माझ्या हाती दिली आणि मागं न बघता घराकडं निघाली.