बाबांची माफी

परवा चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या पेल्यातल्या द्राक्षरसाचा वास आला आणि मी एकदम नऊ-दहा वर्षांची झाले.

तेव्हाही रविवार होता. भंडाऱ्याच्या चर्चमध्ये मी बाबांचा हात धरून प्रभुभोजनाच्या रांगेत उभी होते. आमची पाळी येणार तोच बाबा मागे वळले. "चाल, शहापूरले जाऊ," एवढंच म्हणाले आणि त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं.

शहापूरला मोठे काका राहायचे. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बाबा त्यांना चारचौघांत नको नको ते बोलले होते, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. भावाशी वैर ठेवून प्रभुभोजन घेऊ नये, असं आमच्यात मानतात. काका अंगणात धान वाळत घालत होते. ओलसर धानाचा गोड वास सगळीकडे भरला होता. बाबा चपला काढून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"दादा, चूक माही होती. मले माफ कर."

काकांनी मान वर केली नाही. ते पायानं धान पसरवत राहिले. काकूंनी तेवढं आम्हाला पाणी दिलं.

परतताना मला रडू आलं. "बाबा, काका तं बोललेच नाही! मंग आपण कायले आलो?"

"मले बोलाचं होतं, बेटा. त्याचं तो पाहील."

काका बोलले, पण पुढच्या नाताळाला. तोवर मला वाटायचं, त्या दिवशी बाबांचा अपमान झाला. आता स्वतःच्या लेकरांसमोर चूक कबूल करताना माझी जीभ जड होते, तेव्हा वेगळंच काही जाणवतं. त्या रविवारी आई तिथंच चर्चमध्ये बसली होती. बाबा मला तिच्याजवळ ठेवून एकटे जाऊ शकले असते.


त्यांनी मला सोबत नेलं.