भवानीचा डाव

मोबाइलवरच्या लुडो स्पर्धेने मला फसवलं. हे सांगायची मला लाज नाही. लाज फसवणाऱ्याने बाळगावी.

आज सकाळी शेजारच्या गाळ्यावर भाजी विकणाऱ्या शारदाने मोबाइल कपाळाला लावला. "मावशी, भवानी झाली! पहिलाच डाव जिंकले!"

दिवसाच्या पहिल्या विक्रीचे पैसे आम्ही बाजारातल्या बायका असेच कपाळाला लावतो. मीही पहिला डाव जिंकल्यावर तेच केलं होतं. शुभशकुन समजून पुढच्या स्पर्धांची फी भरत गेले आणि गाळ्याच्या पत्र्यासाठी ठेवलेले पैसे संपले. शेवटी मोठा डाव जिंकले, तेव्हा नियम मोडल्याचा ठपका ठेवून स्पर्धावाल्यांनी जिंकलेल्या पैशांसकट खातंच बंद केलं.

मी भांडी विकते. गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघतं, मी त्याचा चेहरा बघते आणि मग आमचं भांडण रंगतं. भवानीच्या गिऱ्हाइकाला मी दोन रुपये सोडते, ते त्याने पुन्हा यावं म्हणून. त्याला बुडवायला भवानी वापरायची, हे कुठल्या बाजाराचं शिक्षण?

हे सगळं मी शारदाला सांगितलं. "तुमचं नशीब फुटकं, मावशी," म्हणत शारदा फी भरायला निघाली. मी तिचा मोबाइल हिसकावला आणि पातेल्याखाली झाकला.

"अहो, द्या ना!"

"देते. आधी ही स्पर्धा चालवणाऱ्या तुझ्या त्या शेठला इथे बोलव."

पातेल्याखाली मोबाइल वाजत राहिला. वाजू दे. तो पहिला डाव आम्हाला कोणी जिंकू दिला आणि कशासाठी? त्याने माझ्या गाळ्यासमोर उभं राहून, माझ्या डोळ्यांत बघून उत्तर द्यावं.