चित्रांखालच्या आईच्या ओळी

स्वोर्ड्स या आमच्या आयरिश गावाच्या लायब्ररीत, लहान मुलांच्या कोपऱ्यात, खिडकीखाली एक बुटकं कपाट आहे. त्यात दोन भाषांमधली चित्रांची पुस्तकं असतात. वरच्या ओळीत एक भाषा, खालच्या ओळीत इंग्रजी. पोलिश आहेत, रोमानियन आहेत, पण सगळ्यात जास्त स्पॅनिश, कारण दर शनिवारी सकाळी एक स्पॅनिश बाई तिथे गालिच्यावर बसून मुलांना गोष्टी वाचून दाखवते. आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत.

मी माझ्या भाचीला तिथे घेऊन जायचे. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि मला माऊ म्हणायची. मास्टर्स संपून नोकरी लागली तरी मी ताईच्याच घरी, तिच्या सगळ्यात लहान खोलीत राहत होते, आणि शनिवारी सकाळी ताईला आणि भाऊजींना झोपू देणं हे माझं काम होतं. मला ते आवडायचं. भिंतीशी बसायचं, कोट मांडीवर घ्यायचा. कोणाशी बोलावं लागायचं नाही.

भाचीचं आवडतं पुस्तक एका कुटुंबाच्या रविवारचं होतं. आजी अंगणात कपडे वाळत घालते. आजोबा छातीवर पेपर घेऊन झोपलेत. मावशी टोपलीभर संत्री घेऊन येते. बाळाची टबात आंघोळ होते. शेवटी सगळे एका लांब टेबलाशी जेवायला बसतात. बाकी काही घडत नाही. पण मुलं प्रत्येक पानावर ओरडायची, जणू त्यांच्याच घरातलं कोणी सापडलं. ताईने शेवटी ते पुस्तक विकत मागवलं.

मे महिन्यात आई आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. दारातच भाचीने तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "आबुएला!"

"हे काय म्हणते वं मले?" आईने मला विचारलं.

"स्पॅनिशमध्ये आजी म्हणतात तसं."

"बापा! मराठी बोलत नाही अन् स्पॅनिश बोलते पोट्टी!" आई इतकी हसली की भाऊजी तिची बॅग खाली ठेवून तसेच उभे राहिले.

पहिल्या दिवशी हसू आलं, मग येईनासं झालं. भाचीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. आणि तेही इथलं इंग्रजी, जे आईच्या थोड्याफार इंग्रजीच्या हाती लागायचं नाही. दिवसभर घरात त्या दोघीच असायच्या. मी ऑफिसमधून आले की आई मला कोपऱ्यात घेऊन विचारायची, "दुपारी ते तीनदा काहीतरी म्हणाली. 'ग्रँड, ग्रँड' म्हणे. मोठं काही पाहिजे होतं काय तिले?" मी सांगायचे की तिला काही नको होतं, 'ठीक आहे' एवढंच म्हणत होती. आई मान हलवायची. तीन महिन्यांतले दिवस ती मोजत होती, हे मला कॅलेंडरवरच्या तिच्या पेन्सिलच्या खुणांवरून कळलं होतं.

आई अमरावतीकडची. लग्नानंतर नागपूर. आम्हा दोघी बहिणींना कॉन्व्हेंटमध्ये घातलं, घरी मात्र आईचीच बोली. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलच्या मेसमध्ये म्हणाले, "मी जेवून राहिली." टेबलावरच्या चौघी हसल्या. वाईट नव्हत्या त्या, नंतर मैत्रिणीही झाल्या. पण मी त्या दिवसापासून त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले, आणि नंतर सावकाश, ऐकून ऐकून, त्यांचं मराठी शिकले. हे मी आईला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या शनिवारी आई आमच्याबरोबर लायब्ररीत आली. रविवारचंच पुस्तक होतं. घरी येताना ती म्हणाली, "असं आपल्यातलं नाही काय? आपली ओळ अन् खाली इंग्रजी?"

"इथे नाही."

"मंग करू ना. चित्रं तं आहेतच. फक्त लिहायचं."

म्हणून आम्ही लिहायला बसलो. जेवणाच्या टेबलावर ताईची प्रत, आईच्या मांडीवर भाची. आई एकेक पान बघून बोलायची आणि मी फोनवर इंग्रजी अक्षरांत टाइप करून देवनागरी करायचे, कारण माझं हाताने लिहिलेलं मराठी मलाच वाचवत नाही. आजोबांच्या पानावर आई म्हणाली, "आबाजी पेपर वाचता वाचता घोरून राहिले. हळू बोला वं, नाही तं उठतीन." भाचीने तोंडावर हात ठेवला. मावशीच्या पानावर, "मावशी आली, मावशी आली! संत्री कोणाच्या बागेतली? आपल्या वरूडची!" बाळाच्या आंघोळीच्या पानावर तर आईने आधी बाळाचं रडणं काढून दाखवलं, मग ओळ सांगितली.

मी टाइप केलं, "आजोबा वर्तमानपत्र वाचता वाचता झोपले आहेत." आणि "मावशी संत्री घेऊन आली." वरूड मी गाळलं. स्पॅनिश पुस्तकात वरूड कुठून येणार, असं मी स्वतःला सांगितलं. ऑफिसात छापून, पट्ट्या कापून, प्रत्येक पानावर इंग्रजी ओळीच्या खाली चिकटवल्या.

आईने चष्मा लावून वाचलं. "हे मी असं म्हटलं होतं काय?"

"लिहिताना असंच लिहितात, आई."

"हाव. पुस्तकात असंच असते," ती म्हणाली, आणि त्या रात्रीपासून पट्ट्यांवरचं पाठ करायला लागली. वाचून नव्हे, पाठ. भाचीला सांगताना मात्र तिचं तिचंच यायचं, आबाजी घोरायचे, आणि भाची रोज तेच मागायची. "अगेन, आजी. द स्नोरिंग."

स्पॅनिश बाईने ते पुस्तक माझ्या हातात पाहिलं आणि पट्ट्या बोटाने चाचपल्या. म्हणाली, तुझ्या आईने वाचायलाच हवं. मी स्पॅनिश, तू इंग्रजी, तुझी आई मराठी. पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी. आईला मी ते तिथेच सांगितलं. तिने त्या बाईचे दोन्ही हात धरले. घरी आल्यावर अमरावतीला मावशीला फोन केला. "मी इथच्या लायब्ररीत वाचणार हाव. नाही, खरंच! गोरे पोट्टे राहतीन समोर."

इथपर्यंत मी काही बिघडवलं नव्हतं, निदान मला तसं वाटतं. पट्ट्यांचं सोडून.

त्याच आठवड्यात संध्याकाळी मी भाचीला घेऊन बसस्टॉपवर उभी होते. आमच्याच वसाहतीतली एक पुण्याची बाई तिथे होती, ताईच्या ओळखीची. तिचा मुलगाही शनिवारी लायब्ररीत यायचा. तिने भाचीला विचारलं, "चल, येतेस का आमच्याकडे खेळायला?"

भाचीने, जिच्या तोंडून मराठी काढायला ताई वर्षभर धडपडत होती, खणखणीत उत्तर दिलं, "नाही वं. मी घरी जाऊन राहिली!"

"अय्या!" ती बाई हसली. "हे कुठलं गं मराठी? किती गोड! कोणी शिकवलं?"

मला म्हणता आलं असतं, माझ्या आईने. मी म्हणाले, "यूट्यूबवरून काहीतरी उचललंय." आणि बस आली.

बसमध्ये मी शनिवारचं चित्र डोळ्यांपुढे आणलं. आई उभी राहणार, पट्ट्यांवरचं विसरणार, आबाजी घोरणार. ती बाई पुढे बसलेली असणार. ती चांगल्या मनाने हसली असती, हे मला आता कळतं. मेसमधल्या मुलीही चांगल्या मनानेच हसल्या होत्या.

घरी आले आणि आईला सांगितलं, "आई, एक अडचण आहे. लहान मुलांसमोर वाचायचं तर इथे पोलीस व्हेरिफिकेशन लागतं."

हे पूर्ण खोटंही नव्हतं. मुलांबरोबर काम करणाऱ्यांचं होतंच तसं. पण एका सकाळी एक पुस्तक वाचणाऱ्या आजीला ते कोणी मागितलं नव्हतं.

आई आत गेली आणि तिची प्लास्टिकची फाइल घेऊन आली. तिकीट, इन्शुरन्स, रक्ताचे रिपोर्ट, सगळ्याच्या झेरॉक्स. "पासपोर्टच्या वेळी झालं होतं ना माझं. पोलीस घरी येऊन गेला. हे पाह्य, कागद आहे." तिने तो टेबलावर माझ्यासमोर ठेवला. "हा चालत नाही काय?"

"इथलंच लागतं, आई."

"किती दिवस लागतात?"

"दोन महिने तरी."

तिने कागद परत फाइलीत घातला, ज्या क्रमाने होता त्याच क्रमाने. "अगोदर सांगितलं असतं त्याहीनं, तं नागपूरहूनच काही केलं असतं," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून म्हणाली, "मंग तूच वाच. तुझं शुद्ध आहे."

स्पॅनिश बाईला मी सांगितलं की आई लाजते. लाजते म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही, त्यामुळे तिनेही विचारलं नाही.

शनिवारी मी वाचलं. आई मागे, माझ्या नेहमीच्या जागी, मांडीवर माझा कोट घेऊन बसली होती. ती नवी साडी नेसली होती, वाचायचं नसलं तरी. मी एका सुरात वाचत गेले, पान उलटायची घाई करत. आईचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. आजोबांच्या पानावर भाची मोठ्याने म्हणाली, "नो, माऊ, यू'र डुइंग इट राँग," आणि पुढच्या रांगेतून उठून सरळ आजीजवळ जाऊन बसली. सगळे हसले. ती पुण्याची बाई त्या दिवशी आलीच नव्हती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी स्पॅनिश बाईचे वडील आले होते. सुट्टीला, एका आठवड्यासाठी, गुरुवारीच विमानातून उतरलेले. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पुस्तक हातात दिलं. ते अडखळत, खोकत, एक पान चुकून दोनदा वाचत होते. मुलं खूश होती. मी आईकडे बघितलं नाही. तिला इंग्रजी फार समजत नसलं तरी 'माय फादर', 'लास्ट थर्सडे' कळण्याइतकं नक्कीच येतं.

परतीच्या बसमध्ये भाची तिच्या मांडीवर झोपली. विमानतळाकडे जाणारी वळणं येऊन गेली तरी आई बाहेरच बघत होती. मग म्हणाली, "त्याहीचं पोलिसांचं लवकर झालं वाटते."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घ्यायचा प्रयत्न केला. माझं खोटं तिला कळलं होतं, की तिने ते खरंच मानलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा सगळं बोलायला ती एक जागा होती. बस अर्धी रिकामी होती, मूल झोपलेलं होतं, घर यायला दहा मिनिटं होती. मी म्हणाले, "युरोपातल्या लोकांचं सोपं असतं."

"हाव, असेल," आई म्हणाली आणि भाचीच्या डोक्याखालचा हात बदलला.

उरलेल्या दिवसांत तिने पुस्तक काढलं नाही. भाचीने मागितलं की म्हणायची, माऊला सांग, माऊ छान वाचते. ऑगस्टमध्ये ती गेली. विमानतळावर मला म्हणाली, "जपून राहजो," आणि ताईला पण तेच.

त्या हिवाळ्यात भाची हळूहळू मराठीत काहीच बोलेनाशी झाली. ताई म्हणायची, शाळा सुरू झाली की असंच होतं. एका रविवारी मी आईला मेसेज केला की तू वाचून रेकॉर्ड करून पाठव. पट्ट्या दिसतील असे पानांचे फोटो पाठवले. दोन दिवसांनी एकेका पानाचा वेगळा व्हॉइस मेसेज आला. मी फोन टोस्ट खाणाऱ्या भाचीसमोर ठेवला.

"आजोबा. वर्तमानपत्र. वाचता वाचता. झोपले आहेत." प्रत्येक शब्द सुटा, शाळेत उभं राहून म्हणावा तसा. एकही शब्द चुकला नव्हता.

भाचीने दोन पानं ऐकली. "हू इज दॅट?"

"आजी आहे."

"नो, इट्स नॉट," ती म्हणाली, आणि टोस्ट घेऊन टीव्हीसमोर गेली.

मी आईला फोन लावला. म्हटलं, आई, तू तेव्हा सांगायचीस ना, घोरणारं, वरूडचं, तसं म्हणून पाठव.

"ते मी कुठी लिहून ठेवलं होतं, बाई? तू लिहिलं तेच पाठ केलं मी." मग जरा आवाज खाली आणून, जणू भाची माझ्या शेजारीच असेल, तिने विचारलं, "पोट्टीले आवडलं काय?"

"हो," मी म्हटलं. "खूप."