भिंतीपलीकडची शिकवणी

शेजारच्या बाई संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी घेतात. त्या मराठीत वाक्य सांगतात आणि मुलं ते इंग्रजीत एका सुरात ओरडतात. ‘बाबा नुकतेच आले आहेत.’ ‘ताईने आधीच चहा केला आहे.’

नुकतेच, आधीच, अजून. हे सगळे कुणीतरी वाट बघत असलेल्या घरातले शब्द. बायको गेल्यापासून माझ्या घरात ते भिंतीतूनच येतात.

काल बाईंनी वाक्य दिलं, ‘तुम्ही अजून जेवला नाहीत का?’ मुलांनी ते इंग्रजीत इतकं जोरात विचारलं, की मी भिंतीकडे वळून म्हणालो, “नाही अजून. कुकर लावतोच आता.”

पलीकडे तोवर पुढचं वाक्य सुरू झालं होतं.