फ्लॉपीवरचा नानांचा नंबर

किस्से जमायला चार माणसं लागतात म्हणे. माझे माणसांवाचूनच साठत गेले. नव्वदीच्या सुरुवातीला मी धुळ्याच्या एका कॉलेजात लिस्प नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचो, आणि साऱ्या खान्देशात ती लिहिणारा, माझ्या माहितीत तरी, मी एकटाच!

*

ऐच्छिक विषयाला एकच विद्यार्थी आला. मी खूश. विचारलं, "लिस्पच का घेतलंस?"

"सर, लॅबला एसी आहे."

पाऊस सुरू झाला आणि तो कोबॉल या दुसऱ्या भाषेकडे गेला.

*

लॅबबाहेर चपला काढायची पद्धत, मीही काढायचो. एकदा शिपाई आबा आत डोकावले. "सर, बाहेर एकच जोड शे. तास नही का आज?"

मी फळ्याकडे तोंड करून म्हणालो, "चालू आहे, आबा."

आबा जरा घुटमळले. मग आपल्याही चपला काढून आत येऊन बसले.

*

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेली फंक्शन्स, आपण आयती वापरायची. पुण्याहून फ्लॉपीवर दोन आल्या, त्यातली एक निवडायची होती. जळगावचा माझा मित्र पाटील म्हणाला, "फास्ट आहे ती घे."

मी हळू चालणारी घेतली. तिच्यात लेखकाचा पत्ता होता, अडलं तर विचारता आलं असतं. कधी अडलंच नाही. याचं मला फार वाईट वाटायचं.

*

शेवटी स्वतःच लायब्ररी लिहिली. माझ्याकडे फोन नव्हता, म्हणून 'अडचण आल्यास फोन करा' असं लिहून शेजारच्या नानांचा नंबर दिला. जळगावच्या एका वर्कशॉपमध्ये फ्लॉप्या वाटल्या. रोज संध्याकाळी नानांना 'आला का फोन?' विचारायचो, नाना मान हलवून नाही म्हणायचे.

पाटलाने तर आपली फ्लॉपी फॉरमॅट करून तिच्यावर गेम भरला, आणि वर मलाच खेळायला दिला!

*

पुढच्या वर्षी नानांकडे फोन आला. रावेरचे एक गणिताचे प्राध्यापक घरच्या केळीच्या ट्रकांची यादी माझ्या लायब्ररीने वजनाप्रमाणे लावत होते.

"सर, दोन ट्रक सारख्या वजनाचे असले की तुमचं सॉर्ट त्यातला एक गिळून टाकतं."

चूक मला जागीच कळली. एक चिन्ह बदलायचं होतं, बस्स. मी म्हणालो, "फोनवर नाही जमायचं. सकाळच्या एसटीने येतो."

फोन ठेवला, तर नाना घाबरून उभे. "काय व्हयनं? कोन गया?"

"कोणी नाही, नाना. माझ्या लायब्ररीत चूक सापडली."

"मंग हासस काबरं?"