आसन मोडलं तेव्हा

पोथी वाचता वाचता माझा उजवा पाय लुळा पडला. इतक्या वर्षांनंतर हे लिहितानाही हात थबकतो, कारण मी देवाला बोल लावतोय असं कुणाला वाटू नये. पण घडलं ते असंच घडलं.

देगलूरजवळच्या आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तेव्हा सरकारी नोकऱ्या आटत चालल्या होत्या आणि खासगी कंपन्या नव्या पोरांना घेऊ लागल्या होत्या. हैदराबादेत एका औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून मला काम मिळालं. गळ्यात टाय, हातात जड बॅग, आणि दिवसभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पायपीट. सहा महिने काम पाहून मग कायम करणार होते. पाचव्या महिन्यात धीर सुटला आणि सुलतान बाजारातल्या भाड्याच्या खोलीत मी सात दिवसांचं पारायण धरलं. पहाटे चारला बसायचं, आठला उठायचं. वाचन संपेपर्यंत आसन मोडायचं नाही, हे वडिलांकडून शिकलेलं. वडील रोज अर्धा तास वाचत. मी चार तास बसणार होतो, आणि तेही कडेला धार असलेल्या लाकडी पाटावर. हा फरक काही माझ्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्या दिवशी नडगीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आल्या. देव परीक्षा पाहतोय असं समजून मी हललो नाही. पाचव्या दिवशी उठलो तर पाऊल वर उचलेना. टाच टेकली की पंजा फटकन जमिनीवर आपटायचा. सप्ताहाच्या दुसऱ्याच दिवशी कामाला उशीर होतोय म्हणून मी दोन अध्याय घाईघाईने उरकले होते, ते आठवलं. त्याचीच ही शिक्षा, अशी माझी खात्री झाली. सप्ताह कसाबसा पुरा केला आणि प्रायश्चित्त म्हणून लगेच दुसरा धरला. त्याच पाटावर, तशीच मांडी घालून. पाय आणखी बिघडला.

घरमालकीण काकू लातूरकडच्या, तोंडाच्या फटकळ. जिन्यात माझा पाय वाजला की खालून ओरडायच्या, "काय रे, टांग्याचं घोडं आलं का वर?" मी हसण्यावारी न्यायचो. पण आतून गार पडायचो, कारण असं पाऊल मी आधी पाहिलं होतं. आमच्या गावाबाहेर ओढ्यापलीकडे एक माणूस एकटा राहायचा. त्याला महारोग झाला होता. त्याचा पंजा असाच लोंबायचा. बायका भाकरी दगडावर ठेवून मागे सरकायच्या. मीही लहानपणी लांबूनच त्याला पाहिलं होतं. आता आंघोळ करताना मी पायावर नख ओढून पाहायचो. घोट्याच्या वर, पावलाच्या पाठीवर काही कळायचं नाही. रोज दहा-बारा डॉक्टरांसमोर बसायचो, गोळ्यांचे गुण सांगायचो आणि पाय खुर्चीखाली लपवायचो. विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि तोच शब्द निघाला तर? नोकरी जाईल, खोली जाईल आणि गावात आईवडिलांच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही, एवढंच डोळ्यांपुढे यायचं. देवाला म्हणायचो, दुसरं काहीही दे, हे देऊ नकोस.

अशातच एका दुपारी अफझलगंजला औषधाच्या घाऊक दुकानातून बाहेर पडलो आणि बुटाचा तळ पुढून उघडला. समोरच फुटपाथवर एक म्हातारे चांभार बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, मग दुसरा मागितला. डाव्याचा तळ सरळ झिजला होता. उजव्याचा फक्त चवड्याला, पार आतल्या अस्तरापर्यंत.

"पाँव गिर गया क्या मियाँ?" त्यांनी वर न बघताच विचारलं. "कित्ते दिनां से?"

"कुछ नहीं, बूट तंग है."

"बूट झूट नहीं बोलता." ते हसले. "दवाखाने के मरीजां को मैं बनाके देतूँ चप्पलां. महारोग वालों को. उनका बूट ऐसाच घिसता."

मी पाय झटकन मागे घेतला. ते चाचांनी पाहिलं, पण वाईट वाटून घेतलं नाही. उलट विचारलं, "पालथी मारके बैठते क्या बहोत?"

मी पारायणाचं आणि चार-चार तासांच्या मांडीचं सांगितलं. त्यांनी हातातली आरी खाली ठेवली. "मेरे कू भी हुआ था, जवानी में. दिन भर उकडूं बैठके. नस दब जाती इधर," म्हणत त्यांनी स्वतःच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट लावलं. "डाक्टर कू दिखाओ. और बैठना नक्को अब."

मग मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली एक चामड्याची पट्टी त्यांनी काढली. एक टोक घोट्याभोवती, दुसरं बुटाच्या नाडीला, म्हणजे पंजा वर उचललेला राहतो. "पैले एक मरीज पैनता था. अच्छा होके गया वो. धोके साफ करके रखा मैं."

ती पट्टी माझ्यासमोर होती आणि माझा हात पुढे जाईना. ओढ्यापलीकडचा तो माणूस आठवला, दगडावरची भाकरी आठवली. ज्या आजाराच्या नुसत्या सावलीला मी महिनाभर घाबरत होतो, त्या आजारातून उठलेल्या माणसाची वस्तू मला पायाला बांधायची होती. चाचा वाट बघत राहिले. शेवटी मनात म्हणालो, देवा, आता तू देशील ते. आणि पाय पुढे केला. चार पावलं चाललो. फटकन आवाज आला नाही.

तिथून सरळ एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे मी दर आठवड्याला जात असे.

"आज बॅग उघडत नाहीस?"

"आज पेशंट म्हणून आलोय सर."

त्यांनी कापूस फिरवला, टाचणी टोचली, अंगावर चट्टा कुठे आहे का ते पाहिलं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टकटक केलं तशी वीज पार पावलापर्यंत गेली. "कुष्ठरोग नाही," ते म्हणाले. "इथं नस हाडावरून अगदी कातडीलगत जाते. ती तू पाटावर चेपलीस. आणि तो आजार असता तरी गोळ्यांनी बरा होतो. जे घाबरून लपवतात, तेच पांगळे होतात." पाय बरा होईल का, विचारलं, तर म्हणाले, "बहुतेक. पण शब्द देत नाही. मांडी बंद."

घरी येऊन काकूंना सगळं सांगितलं. मांडी न घालता पोथी कशी वाचायची, ही माझी चिंता. त्यांनी स्वतःची लोखंडी खुर्ची वर आणून आदळली. "देवाला तुझ्या मांडीशी लगीन लावायचंय का? बस वर!"

खुर्चीवर बसून वाचायला पहिल्या दिवशी लाज वाटली, भीतीही वाटली. अध्यायाच्या मध्येच थांबून पाय लांब केला. आसन मोडलं. काहीच झालं नाही. ओळी तिथंच होत्या, वाट बघत. कंपनीने माझी मुदत तीन महिन्यांनी वाढवली. ते तीन महिने पट्टीवर चाललो. भीती गेली नव्हती. पायात बळ येईल की नाही, हे रोज सकाळी नव्याने माहीत नसायचं. मग एकदा वाचता वाचता सहज खाली पाहिलं, तर अंगठा वर आला होता. थोडासाच. मी पान उलटायचं विसरलो.

पुढे पाऊल उचलू लागलं, नोकरीही कायम झाली. कृपा कशाला म्हणावं, हे मला सांगता येत नाही. बूट नेमका तिथंच का फाटला, हेही मी कुणाला विचारत नाही. एवढंच कळलं की मी ज्याला श्रद्धा म्हणत होतो तो हट्ट होता. देवापुढे खरा वाकलो तो फुटपाथवर, पाय पुढे करताना.

पट्टी परत करायला गेलो तेव्हा ती कपाळाला लावली. चाचा खळखळून हसले, "अरे, पाँव की चीज माथे कू?" मग त्यांनी ती बादलीत धुतली आणि पुन्हा त्याच खिळ्याला टांगली. येईल त्याच्यासाठी. आजही पोथीला हात जोडताना मला तो खिळा दिसतो.