अकरा रताळी

११ फेब्रुवारी २०२५ रोजी रेणुकाताईंनी श्रीपतीभाऊंच्या हातावर सहाशे साठ रुपये ठेवले. अकरा रताळ्यांचे आगाऊ पैसे, नगाला साठप्रमाणे.

श्रीपतीभाऊ घोरावाडीला रेल्वेत एकतीस वर्षं गँगमन होते. कान्हे गावातल्या घरामागचा रताळ्यांचा वाफा मात्र त्यांच्या बायकोचा, येसूबाईंचा. दिवाळीत त्या गेल्या आणि महिन्याभरात रानडुकरांनी वाफा उकरून टाकला. त्यातून उरली ती ही अकरा.

तांबड्या, खरबरीत सालीचा हा वाण येसूबाईंनी माहेराहून आणला होता. शेजारच्या नंदाबाईंची रताळी सोंड्या भुंगा पोखरून टाकायचा, पण यांच्या रताळ्यांना तोंड लावायचा नाही. रेणुकाताई तळेगावच्या बाजूला एका प्रयोगशाळेत त्याचंच कारण शोधत होत्या. त्या म्हणाल्या, प्रत्येक वाणाच्या सालीवर वेगळी रसायनं असतात. काही भुंग्याला बोलावतात, काही हाकलून लावतात. वरवरची थोडी साल तपासायची आणि कंद लावून बेणं वाढवून परत द्यायचं, असं ठरलं. येसूबाईंचा वाण जगला असता.

“काका, धुऊ नका हं. मातीसकट आणा.”

भाऊंना वाटलं, ताई भल्या घरची, आपल्याला अवघड वाटू नये म्हणून बोलली. मातीसकट कोण कुणाकडे काय नेतं? कामशेतच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं येसूबाईंच्या पाटीत बघून विचारलं होतं, “कुणाच्या घरचं गं हे, एवढं मळकट?” तेव्हापासून येसूबाई काथ्यानं घासल्याशिवाय माल उंबऱ्याबाहेर काढत नसत.

रताळी पोचवायच्या दिवशी सकाळी भाऊ काथ्या घेऊन बसले. नंदाबाई कुंपणाशी थांबल्या.

“भाऊ, रताळी घासताय का नवरी न्हाऊ घालताय?”

“मोठ्या ठिकाणी जायाची हायेत. माज्या येसूला कुणी नावं ठिवाया नगं.”

प्रयोगशाळेत रेणुकाताईंनी पिशवी उघडली आणि एक रताळं उलटसुलट करून पाहिलं.

“काका, साल कुठंय?”

“लय मळ व्हता, ताई.”

त्यांनी भाऊंना खुर्ची दिली, पाणी दिलं. “साल सोलवटली की कंद टिकत नाहीत हो. बघते, प्रयत्न करते.”

मार्चमध्ये फोन आला. “तपासायला साल पुरली नाही, काका.”

“ते ऱ्हाऊ द्या. एखादं फुटलं का?”

“नाही. अकराही सडली.”

“तुमी सांगितलं व्हतं,” भाऊ म्हणाले. “म्या ऐकलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी ते येसूबाईंच्या माहेरी जाऊन आले. रताळ्यांच्या जागी आता बंगले होते. वेल कुणाकडेच नव्हता. भाच्यानं जेवून जा म्हटलं, तर ते जेवले नाहीत.

येसूबाईंनी मागच्या उन्हाळ्यात नंदाबाईंकडून दोन पाट्या शेणखत घेतलं होतं, बदल्यात या वाणाचे वीस वेल देते म्हणून. ते वीस वेल अजून द्यायचे आहेत.